पिल्लांच्या हीटरवर सुकेळी

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा पाऊस! दिवाळीचे कंदील उतरवून झाले तरी ह्याचा पाय निघत नाही.

मांडवावर वाळत घातलेली राजेळी केळी सगळी वाया गेली. काल संध्याकाळी टोपल्यांत भरून वर पानं झाकून ठेवली होती. सकाळी उघडली तर अंगावर पांढरी बुरशी. खड्ड्यात टाकून आले. शेजारच्या वाडीतली सालोमी कुंपणापाशी उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, ह्या वर्षी सोडून दे गो.

सोडून कशी देऊ? निर्मळची जत्रा तोंडावर आली. सासूबाई जिथे सुकेळ्यांची टोपली घेऊन बसायच्या तिथेच मी बसते. आमच्या आळीत पूर्वी दर घरी केळी वाळवून सुकेळी व्हायची, आता करणारी मी एकटी उरले. लोक विचारत विचारत येतात — नंदाखालच्या बाई कुठे बसल्यात? आणि ह्या वर्षी बाई घरी बसल्यात, असं त्यांना सांगायचं?

तेजसचा फोन आला. एव्हरशाईन सिटीतल्या चौथ्या मजल्यावरून माझ्या लेकाला आमच्या वाडीतला चिखल माझ्यापेक्षा जास्त दिसतो. आई, आता पुरे कर, इकडे राहायला ये. नेहमीचंच. वर म्हणतो, बाजारातली सुकेळी घेऊन विक ना, कोणाला कळतंय! मी फोन ठेवला. रागाने नाही, असं लिहिणार होते, पण रागानेच.

मागोमाग सीमाचा मेसेज — "आई, बीपीची गोळी घेतली का?" रोज संध्याकाळी हा एकच प्रश्न येतो. सून माझी घाटावरची, नाशिकच्या पुढची. बोलायला मोजून मापून. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्ही दोघी अजून पाहुण्यांसारख्या बोलतो. ती "तुम्ही जेवलात का" विचारते, मी "हो, तू?" म्हणते. संपलं. भांडण नाही हो आमचं, भांडायला तरी थोडी ओळख लागते.

गोळी घेतली.


३० ऑक्टोबर, गुरुवार

देव कोणाच्या रूपाने येईल सांगता येत नाही. आज गास गावच्या कल्पेशच्या रूपाने टेम्पोतून आला!

कल्पेश म्हणजे ह्यांच्या मित्राचा मुलगा. हे गेल्यापासून महिन्या दोन महिन्यांनी डोकावून जातो. त्याची कोंबड्यांची शेड होती, ती त्याने मागच्या वर्षी बंद केली. माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाला, काकी, आमचा पिल्लांचा हीटर पडूनच हाय, घ्या वापरायला. नुसती पडलेली वस्तू, पण आठवणीने घेऊन आला. आजच्या दिवसात एवढं कोण करतं?

तर हा हीटर म्हणजे पत्र्याची एक मोठी छत्री. साखळीने वर टांगायची. छत्रीच्या पोटात जाळी, जाळीखाली गॅस पेटतो, आणि ऊब सगळी खाली पडते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना आईच्या पंखाखाली बसल्यासारखं वाटावं म्हणून. आता माझी केळी बसतील!

टांगला तो केळी पिकवायच्या जुन्या खोलीत. विटांची खोली, बुटकं दार, वर एक झरोका. सासऱ्यांच्या काळापासूनची. कल्पेशने आडव्या वाशाला साखळी बांधली, ओढून बघितली, स्वतः लोंबकळून बघितलं. नवीन नळी आणली होती. घरचा लाल सिलिंडर लावू दिला नाही, स्वतःच धंद्याचा निळा आणला. जोडांवर साबणाचं पाणी लावून फेस येतो का बघितलं. नाही आला.

मग मला शिकवण. सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा नाही. जमलं तर बाहेर ठेवा, म्हणाला. पण बाहेर पाऊस, मी म्हटलं राहू दे आत. चटया हीटरपासून लांब. आणि दार, झरोका उघडा. हे त्याने दोनदा सांगितलं.

"काकी, ह्याला पन माणसासारखी हवा लागते. ज्योत निळी पायजे. पिवळी झाली का समजायचं, हा कोंडलाय. पयला बाहेर पलायचं."

मी हो हो म्हटलं. शहाळी दिली, अळूची पानं दिली. त्याच्या बायकोला, रीमाला, अळूवड्या आवडतात.


१ नोव्हेंबर, शनिवार

झाली! पहिली खेप चढली. सोललेली राजेळी चटयांवर ओळीने मांडली आणि छत्री पेटवली. निळी ज्योत, भुतासारखी. पण काय ऊब! हात लावला तर केळ्याला कार्तिकातल्या उन्हात असतं तसं पाणी सुटत होतं. सालोमी केळी उलथायला आली. म्हणाली, तू आथा केळ्यांची कोंबडी करणार. करते म्हटलं.

बाहेर पाऊस, आत माझं ऊन. आभार, देवा. आभार, कल्पेश.


३ नोव्हेंबर, सोमवार

रंग चढायला लागलाय. मधासारखा. आज हसत हसत झोपणार.


४ नोव्हेंबर, मंगळवार

कसला मधासारखा! सकाळी बघते तर सगळी चिकट. बोट लावलं की बोटालाच येतंय. आमच्याकडे समुद्राचा वारा, उघड्या दाराने आत शिरतो आणि जेवढं वाळलं तेवढं पुन्हा भिजवून जातो. दार उघडं ठेवून केळी वाळवायची म्हणजे एका हाताने भरायचं, दुसऱ्याने ओतायचं.

मग मला माझाच राग आला. आयुष्य केळ्यांत गेलं आणि मी कोंबडीवाल्याचं ऐकत बसले! केळ्याची खोली ही बंदच असते. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती हीच — घड आत लावायचे, शेणीची धुरी द्यायची, दार लावायचं आणि मातीने फटी लिंपायच्या. एक फट राहिली तर केळं पिकत नाही, कुजतं. ते फटीपाशी गाल धरून बघायचे, वारा लागतो का. लागला तर मी ओरडा खायची.

तर आज झरोक्यात गोणपाट कोंबलं. दाराच्या फळ्यांमधल्या फटींना माती लिंपली, कडेने केळीच्या सोपाच्या, खोडाच्या सालीच्या, पट्ट्या आतून बसवल्या. हात विसरले नव्हते. दार ओढून घेतलं आणि फटीपाशी गाल धरून बघितला. वारा नाही. सासरे असते तर खूश झाले असते.

गॅसचा वास येतो का तेही बघितलं. जराही नाही. मग काळजी कसली?


५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. तुळशीपाशी दिवे लावले.

केळी सुंदर! कोरडी, मऊ, बोटाला काही लागत नाही. खोली कशी तापून राहते. ज्योतही आता बरी दिसते, समईसारखी पिवळी. ते निळं भूत गेलं. कल्पेशचं ते पिवळं-निळं काय होतं ते आठवलं, पण पिल्लांचं वेगळं, केळ्यांचं वेगळं.

डोकं मात्र सकाळपासून धरलंय. दुपारी उलथायला गेले तर मळमळलं. अंगणात येऊन बसले की बरं वाटतं, पुन्हा आत गेले की चालू. पित्त असणार. उपास मला आता झेपत नाही. बाम लावला. सीमाला कळवलं नाही, नाहीतर ती तेजसला सांगेल आणि तेजसला निमित्तच हवं असतं.


८ नोव्हेंबर, शनिवार

हॉस्पिटलात आहे. जिवंत आहे.

अक्षर वाकडं येतंय. ही वही सीमाने घरून आणली. तीनच गोष्टी आणल्या: चष्मा, वही, माझी गोधडी. वही उघडून नाही बघितली तिने. मी विचारलं नाही, पण मला माहीत आहे. ती तशी नाही.

काय झालं ते मला आठवत नाही. गुरुवारी दुपारी जेवून उलथायला आत गेले, दार मागून ओढून घेतलं, चटईपाशी वाकले. त्यानंतर डोळे उघडले ते तोंडावर मास्क. मधलं सगळं सालोमीने सांगितलं.

सीमाने दुपारी फोन केला. मी उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा. तेजस म्हणाला, आई वाडीत असेल गं, फोन घरात राहिला असेल. तिचं मन मानेना. कामावरचं बोलणं अर्धवट टाकून ती स्कूटर घेऊन निघाली. वसई पूर्वेहून नंदाखाल! तिला स्कूटरवर रेल्वेचा पूल ओलांडायला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. ती नेहमी तेजसच्या मागे बसून येते.

घर उघडं, मी कुठे नाही. खोलीचं दार लिंपलेलं बघून तिला वाटलं, आई आत कशी असेल! तरी तिने लाथ मारली. दार उघडून आधी मागे सरली, तोंड फिरवून मोठा श्वास घेतला आणि आत शिरली. माझ्या काखेत हात घालून मला ओढत बाहेर अंगणात आणलं. मी काय हलकी आहे? पुन्हा श्वास भरून आत गेली, सिलिंडर बंद केला, झरोक्यातलं गोणपाट काठीने पाडलं. मग ओरडली. सालोमी म्हणते, तुझी सून एवढ्या मोठ्याने ओरडू शकते हे मला ठाऊक नव्हतं गो!

सालोमीच्या युजीनने गाडी काढली. सीमा सबंध वाटभर माझ्या गालावर चापट्या मारत होती आणि म्हणत होती, आई उठा, आई गोळी घेतली का सांगा.

ती आत्ता इथेच आहे, खुर्चीत. बसल्या बसल्या डोळा लागलाय तिचा. पाय खुर्चीवर घेतलेत. टाचा खरचटल्यात, पायात तिने चपला घातल्या नव्हत्या वाटतं. मी सारखी तिच्याकडे बघतेय.


११ नोव्हेंबर, मंगळवार

घरी! माझं घर, माझी वाडी, माझा चहा. देवाचे आभार, सालोमीचे, युजीनचे, त्या नर्सबाईचे — सगळ्यांचे.

निघताना डॉक्टरांनी नीट समजावलं. तरुण मुलगा, पण घाई नाही. म्हणाले, गॅस गळला नव्हता, म्हणून तुम्हाला वास आला नाही. कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळला की दुसराच एक वायू तयार होतो, कार्बन मोनॉक्साईड. त्याला वास नाही, रंग नाही. श्वासावाटे रक्तात जातो आणि प्राणवायूच्या जागेवर बसतो, उठत नाही. मी म्हटलं, कळलं. जत्रेत आपल्या जागेवर दुसरीनेच आधी येऊन टोपली मांडावी तसं. डॉक्टर हसले, म्हणाले, बरोब्बर तसं.

मग हसणं थांबवून म्हणाले, आता बऱ्या दिसता, पण काही लोकांना हे मागाहून त्रास देतं. थोड्या आठवड्यांनी. विसरायला होतं, चाल बिघडते, माणूस वेगळंच वागायला लागतं. सगळ्यांना होत नाही. झालं तरी पुष्कळांचं हळूहळू सुधारतं. लक्ष ठेवा, आणि जरा काही वाटलं तर लगेच घेऊन या. हे ते माझ्याकडे बघून बोलत होते, पण ऐकत होती सीमा. तिच्या चेहऱ्यावर दिसलं मला.

गाडीत तेजसने सुरू केलं. आता नंदाखाल बंद. सरळ एव्हरशाईन. त्याचं चुकलं नाही, घाबरलाय पोर. पण माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर मला माझ्या वाडीत राहू द्या, एवढंच मागते. चौथ्या मजल्यावर मी कशाकडे बघू? पार्किंगकडे?

आणि तेव्हा पुढच्या सीटवरून सीमा बोलली. मागे न बघता.

"आई त्यांच्या घरी राहतील. मी जाते तिकडे राहायला. ऑफिसचं काम मला कुठूनही करता येतं."

  सोपाऱ्याच्या वळणावर तेजसने गाडी नंदाखालकडे वळवली.

संध्याकाळी तिने वरणभात केला. मी पाटावर बसले तेव्हा ठरवून बसले होते — हिला म्हणायचं, सीमा, तू नसतीस तर मी नसते. एवढंच, सरळ. पहिला घास घेतला, तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून काय निघालं? मीठ कमी आहे.

ती उठून मीठ घेऊन आली.

जीभ आहे की सुपारीचं खांड! जगाचे आभार मानते, नर्सबाईंना नारळ पाठवते, आणि जिने उचलून आणलं तिच्यासमोर दातखीळ बसते. सवय नाही, दुसरं काय. सासूबाईंनी मला कधी म्हटलं नाही, मला कुठून येणार? पण मी म्हणणार. ह्या वहीसमोर सांगते.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

कल्पेश आला. दारातच रडायला लागला. काकी, मी आनून दिला नसता तर. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, तू दोनदा सांगितलंस, मीच ऐकलं नाही. पिल्लांच्या शेडला पण ते पडदे वर करायचे म्हणे. पिल्लं हीटरपासून लांब कोपऱ्यात गोळा झाली की पहिला पडदा वर, हवा आत. आमच्याकडे कोपऱ्यात मी एकटीच होते!

तेजसचं म्हणणं, तो पत्रा भंगारात घाला. मी तयार होते, खरं सांगते. त्या खोलीकडे बघवत नाही. पण सीमाने कल्पेशला विचारलं, नीट लावला तर चालेल ना? जत्रा राहिलीये आईंची.

मग दोघांनी दिवसभर बसून लावला. जुन्या खोलीत नाहीच. मागच्या पडवीत, तिला एका बाजूने भिंतच नाही. बाकी बाजूंना खाली आणि वर मोकळी फट सोडून ताडपत्री. समुद्राच्या वाऱ्याची बाजू तेवढी झाकली, त्याने केळीही ओलावत नाहीत. हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही? सिलिंडर पडवीबाहेर, पत्र्याखाली, उभा, भिंतीला पट्ट्याने बांधून. नळी कुठे दबत नाही, कोणाच्या पायात येत नाही. छत्रीखालून चटया दूर सरकवल्या. पुन्हा साबणाचं पाणी. बंद करताना आधी सिलिंडर, मग हीटर, हे सीमाने माझ्याकडून करून घेतलं. शाळेत घेतात तसं. आणि आत कोणी बसायचं नाही. उलथायचं, बाहेर यायचं.

तिने फोनवरून एक डबी पण मागवलीय. भिंतीला लावायची. तो वायू आला की किंचाळते म्हणे. चाचणीचं बटण दाबलं तर सालोमीच्या घरचा कुत्रा भुंकायला लागला.

ज्योत निळी आहे. मी तीनदा जाऊन बघून आले.


१५ नोव्हेंबर, शनिवार

एकादशी. निर्मळची जत्रा!

तेजस नको म्हणत होता, डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले थोडा वेळ जाऊ द्या. युजीनने गाडीने सोडलं. पहिल्या खेपेतली वाचलेली, पडवीत वाळवून पुरी केलेली एकच टोपली होती, पण होती. सासूबाईंच्या जागेवर मांडली. सीमा शेजारी बसली, ओढणी डोक्यावर घेऊन. गिऱ्हाइकांना वाटलं माझी लेक. मी नाही म्हटलं नाही.

बांधून आणलेल्या पुड्या संपत आल्या तेव्हा पुढच्या तिने बांधायला घेतल्या. तिला आमची गाठ शिकवली. केळीच्या सुक्या पानात सुकेळी गुंडाळायची, केळीच्याच दोराने बांधायची आणि दोराचं टोक आतून वळवून अशी अडकवायची की गिऱ्हाइकाने एक टोक ओढलं की पुडी उघडते. मला ही गाठ शिकायला एक हंगाम लागला होता. ती तिसऱ्या पुडीलाच शिकली. बोटं लांब आहेत तिची.

गर्दी ओसरली तेव्हा मी म्हणणारच होते. "सीमा," म्हटलं. "हं, आई?" म्हणाली. आणि आगाशीच्या एक बाई आल्या, मागच्या वर्षीची सुकेळी दुबईला नेली होती म्हणून सांगत बसल्या. राहिलं.

पण दिवस फार चांगला गेला. त्या दिवशी मेले असते तर हे काहीच बघितलं नसतं. नुसतं बसून देवळाच्या घंटा ऐकल्या तरी भरून येत होतं.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

तपासून आले. डॉक्टर म्हणाले, छान! कागदावरही तसंच लिहिलं. येताना सीमाने मला उसाचा रस पाजला.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आम्ही आता बोलतो बरं का! तिच्या लहानपणीचं सांगते ती. द्राक्षांचा मांडव होता घरी, थंडीत पहाटे तिची आजी शेकोटी करून द्राक्षांना ऊब द्यायची. म्हणजे माझ्यासारखीच वेडी एक तिकडेही होती. मी खूप हसले. हसताना तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि काढला नाही.

पुड्या बांधायला बसले होते. गाठ जमेना. दोर हातात घेतला आणि पुढे काय करायचं ते बोटांना कळेना. बसले तशीच. थंडीने बोटं आखडली असतील. सीमाने पुडी माझ्या हातून घेतली.


२४ नोव्हेंबर, सोमवार

चहात मीठ घातलं मी. सीमाने पिऊन टाकला! मला माझ्या कपावरून कळलं. चिडले तिच्यावर — सांगायचं नाही का? ती म्हणाली, होतं हो आई कधी कधी.

बरण्या शेजारी शेजारी ठेवल्यात तिने. चूक तिची आहे.


२६ नोव्हेंबर, बुधवार

सालोमीकडे जायला निघाले, कुंपणातून. रोजची वाट. मध्येच उभी राहिले आणि कुठे निघाले होते ते येईना डोक्यात. केळीत उभी राहिले बराच वेळ. सालोमीनेच हाक मारली. तिला म्हटलं, घड बघत होते. ती घरापर्यंत सोडायला आली, आणि दारात सीमाशी हळू काहीतरी बोलली. मला ऐकू येत नाही असं वाटतं ह्यांना.

मग सीमा माझ्याजवळ बसली. विचारलं, आई, आज वार कोणता? मी चिडले. शाळा घेतेस का माझी? पण वार आठवायला कॅलेंडरकडे बघावं लागलं. तिने ते बघितलं. डॉक्टरांना फोन केला, उद्या-परवा घेऊन या म्हणाले. तेजस रजा काढून येतोय.

मला भीती वाटते. इथे लिहिते, त्यांना सांगत नाही. डॉक्टर म्हणाले होते पुष्कळांचं सुधारतं. माझंही सुधारेल. मी हट्टी आहे, डोकंही हट्टीच असणार.

पण आता थांबायचं नाही. जे म्हणायचंय ते म्हणून टाकायचं. उद्या सकाळी, चहा घेऊन आली की हात धरून म्हणायचं. मीठबिठ काही मध्ये आणायचं नाही. सीमा, तू मला दुसरा जन्म दिलास, आणि मी तुला साधं चांगलंही म्हटलं नाही कधी. पाठ करून ठेवते.


सकाळ

छान ऊन पडलंय. स्वयंपाकघरात कोणी एक मुलगी आहे. लांब बोटांची, हळू बोलणारी. मला चहा दिला, गोळी दिली, पायांवर गोधडी घातली. कोणाकडची आहे कोण जाणे. परक्या बाईचं इतकं कोण करतं! मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "फार केलंस गं बाळा माझं. तुझ्यासारखी सून मिळाली ती बाई भाग्याची." तर रडायलाच लागली बिचारी. तिची सासू नीट बोलत नसावी तिच्याशी.